भोज्यापाशी

ओउलूत डिसेंबरात दुपारी तीनलाच काळोख होतो.
मी दिवा लावतो, तक्रारी उघडतो.
खेळात एक मारेकरी, चार पळणारे,
आणि रडीचा डाव कोण खेळलं ते ठरवणारा मी, इल्मो,
पायांत लोकरी मोजे, कपात गार कॉफी,
पगार तासावर.

सहावी तक्रार कोत्काहून, कुणा हिल्याची.
प्रत्येक वाक्यापुढे तिने तीन उद्गारचिन्हं ठोकलीत.
कोळशाने तिला पिंजऱ्यात टाकलं
आणि तिथेच उभा राहिला.
दुसरी भट्टी पेटली, तिसरी पेटली, हा ढिम्म.
सोडवायला आला त्याला लोळवलं, पुन्हा तिथेच.
आठ मिनिटं ती गजांमधून त्याचे बूट बघत होती.
"दिवसभर मी डब्यांत मासे भरते.
रात्री एक तास माझा असतो.
तो याच्या बुटांत गेला!!!"

नियम चाळले.
भिंतीतून आरपार जाणं: बंदी. शिवीगाळ: बंदी.
उभं राहण्याबद्दल अक्षर नाही.
वरच्या मजल्यावर एक प्रस्ताव फिरतोय,
पिंजऱ्यापासून सोळा पावलांत रेंगाळला तर गुण कापा.
मग तो सतराव्यावर उभा राहील.
ओळखतो मी असल्यांना.
आमच्या घरातच एक होती.

साइमी, माझी थोरली बहीण.
लपाछपीत आमचा भोज्या म्हणजे सौनामागची लाकडांची रास.
तिच्यावर राज्य आलं की ती रास सोडायचीच नाही.
शंभरपर्यंत आकडे म्हणायची,
मग पाठ ओंडक्यांना टेकवून तशीच.
आम्ही बर्चच्या खोडांआड कुडकुडायचो.
भोज्या शिवणार कसा?
"राखण करते! राखण करते!" आम्ही ओरडायचो.
शिक्षा तिला कुणी केली नाही.
एकेक जण मागच्या वाटेने जेवायला निघून गेला.
मीसुद्धा. गुरुवार होता, मटारचं सूप होतं.
खिडकीतून ती दिसत होती,
अजून राज्य घेऊन उभी.

चित्रफीत पुढे सरकवली.
हिल्या संपली. उरलेल्या तिघांनी फाटक उघडलं,
पण गेले नाहीत.
उंबऱ्यावर उठाबशा काढत राहिले, त्याच्या डोळ्यांवर विजेऱ्या मारत,
तीन मिनिटं, मोजून.
याची तक्रार नव्हती.
एकट्याचा रडीचा डाव लगेच डोळ्यांत येतो,
घोळक्याचा गंमत म्हणून खपतो.

आठ वाजता साइमीला फोन लावला.
ती रोवानिएमीच्या रस्त्यांवर बर्फ हटवायचं यंत्र चालवते.
विचारलं, तू तेव्हा भोज्या का सोडायची नाहीस?
बराच वेळ नुसती इंजिनाची घरघर.
"अरे, रानात अंधार असायचा.
तुम्ही पाच जण मिळून लपायचात.
शोधायला मला एकटीला यावं लागायचं."
मग म्हणाली, "सूप तरी ठेवायचं होतंस."
आणि फोन ठेवला.

पुन्हा पाहिलं. कोळसा मुखवटा डावीकडे वळवतो,
उजवीकडे, परत डावीकडे.
आत कोण आहे मला ठाऊक नाही.
बारा वर्षांचं पोर असेल, बासष्टचा म्हातारा असेल,
किंवा खरंच एखादा नीच, ज्याला मासे भरणारीचा तास खाण्यातच मजा येते.
आणि तो भ्याला असेल म्हणून
हिल्याचा तास काही परत येत नाही.

वरच्या मजल्याला एक ओळ लिहिली:
पावलं मोजू नका. पिंजऱ्याला आतून कडी द्या.
मग त्याला उभं राहायचंय तर राहू दे.

निकालाच्या दोन चौकटी, दंड, दंड नाही,
दोन्ही रिकाम्या ठेवून कॉफी तापवायला उठलो.
परत आलो तर सातवी तक्रार आलेली.
कोळशाकडून. उद्गारचिन्ह एकही नाही.

ते जात का नव्हते?